नेमाचे अन्न

गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस परगावी निघतो तेव्हा मुक्काम कुठे करायचा ही त्याची पहिली चिंता नसते. जेवायचे कुठे, ही असते. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादहून कोणी आजारी माणसाला घेऊन परळच्या केईएमला किंवा टाटा रुग्णालयात येतो, कोणी मुलाच्या प्रवेशासाठी येतो, कोणी मंत्रालयात अडकलेल्या एखाद्या कागदासाठी. घरून बांधून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवशी संपते, आणि मग या अफाट मुंबईत, जिथे एकाच भटारखान्यात सगळेच शिजते, तिथे आपला घास कोणत्या भांड्यातून येणार हे न कळल्यामुळे तो केळी आणि चहावर दिवस काढतो. अशा कित्येकांना गावातल्या जुन्या माणसांनी एकच खूण सांगून ठेवलेली असते, की ‘उडुपी’ अशी पाटी दिसली तर बिनघोर आत जा. आत गेलेला माणूस इडली, सांबार, रसम, उकड्या तांदळाचा भात अशा, आपल्या चुलीवर क्वचितच चढणाऱ्या अन्नापुढे बसतो आणि तरीही घरच्या पाटावर बसावे तसा निवांत होतो. त्या निवांतपणाचे कारण काय, याचा विचार मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे, आणि दरवेळी तो विचार मला एकाच शब्दापाशी आणून सोडतो. तो शब्द म्हणजे नेम.

साधकहो, नेम आपल्याला नवा नाही. पंढरीची वारी हा नेम, पहाटेचा काकडा हा नेम, संध्याकाळचा हरिपाठ हा नेम, आणि चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी जाणे हा तर आपल्या भागातल्या कित्येक घरांचा पिढ्यांचा नेम. पण देवाच्या ठायी नेम आणि जिभेच्या ठायी आवड, अशी वाटणी आपण मनात नकळत करून ठेवलेली असते, आणि म्हणून मोठ्या शहरात कोणी अस्सल दाक्षिणात्य शाकाहारी जेवण शोधू लागला की तो पहिला प्रश्न जिभेला विचारतो. जीभ बिचारी आपल्याला जे ठाऊक तेवढेच सांगते. कोणी म्हणतो खरे सांबार गोड नसते. पण उडुपीच्या सांबारात वाटलेले खोबरे आणि गुळाचा खडा हे परंपरेनेच पडतात, तमिळ घरातले सांबार चिंचेवर आणि डाळीवर उभे असते, पालघाटचा स्वयंपाक खोबरेल तेलाच्या फोडणीने ओळखू येतो, आणि आंध्रातल्या पानाचा तिखटपणा या तिघांनाही झेपत नाही. ज्याला आपण एका नावाने दाक्षिणात्य म्हणतो ते तिथे गेल्यावर एक राहत नाही; गावागणिक, घरागणिक त्याचे रूप पालटते. तेव्हा चव हा अस्सलपणाचा साक्षीदार असेल, पण मूळ नव्हे. मूळ शोधायचे तर त्या चवीमागे कोणी काय धरून ठेवले आहे, हे पाहावे लागते. आणि धरून ठेवण्यालाच तर नेम म्हणतात.

हा नेम कुठून निघाला ते पाहण्यासाठी प्रत्यक्ष उडुपीलाच गेले पाहिजे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तिथे श्रीकृष्णाची स्थापना केली आणि पूजेसाठी आठ मठ नेमून दिले. पुढे वादिराजतीर्थांनी 1522 मध्ये प्रत्येक मठाकडे पाळीपाळीने दोन दोन वर्षे पूजा असावी अशी व्यवस्था लावली, तिला पर्याय म्हणतात. ज्या मठाची पाळी येणार असते, त्याला दोन वर्षे देवाची पूजा तर करायची असतेच, पण दारी येणाऱ्या प्रत्येक भाविकाला जेवूही घालायचे असते, आणि त्या जेवणाची तयारी जवळजवळ वर्षभर आधी सुरू होते. प्रथम मुहूर्त पाहून केळी लावतात, कारण पुढे पाने आणि केळी लागणार; मग तांदूळ साठवण्याचा मुहूर्त होतो, मग सरपणाचा, आणि ते सरपण रथाच्या आकारात रचून ठेवतात; मग शेवटी भाताच्या साळीचा. जो घास पुढल्या वर्षी कोणा अनोळखी माणसाच्या मुखात जाणार आहे, त्याच्यासाठी आज केळीचा कोंब मातीत लावायचा, हे मला नेमाचे फार मोठे रूप वाटते. आपण नेम म्हणजे रोज तेच करणे असे समजतो. इथे नेम म्हणजे अजून न आलेल्याची भूक आधी ध्यानात घेणे आहे. त्याच वादिराजांनी उडुपीजवळच्या मट्टू गावच्या लोकांना वांग्याचे बी दिले अशी तिथली श्रद्धा आहे. ते गोल हिरवे वांगे, मट्टू गुळ्ळा, आजही पर्यायाच्या जेवणासाठी भक्त वाहून आणतात, आणि 2011 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सरकारी कागदाने त्याचे मूळ मान्य केले ही चांगलीच गोष्ट झाली. मट्टूच्या शेतकऱ्याने मात्र ते कागदाची वाट न पाहता राखले होते.

पण नेमाचा आणखी आतला पदर चातुर्मासात दिसतो. माध्व परंपरेत आषाढी एकादशीपासून चार महिने चार व्रते असतात: पहिल्या महिन्यात भाज्या वर्ज्य, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात सगळी द्विदल धान्ये, म्हणजे डाळी. कांदा-लसूण तर देवाच्या स्वयंपाकात मुळातच नसतात. आता विचार करा, ज्या स्वयंपाक्याला महिनाभर एकही भाजी न वापरता देवाला नैवेद्य करायचा आहे, त्याला डाळ, खोबरे आणि मिरी यांच्याकडून किती काय काय काढून घ्यावे लागत असेल. आणि पुढे ज्या महिन्यात डाळच नाही, त्या महिन्यात सांबाराशिवाय पान कसे भरावे लागत असेल. बाहेरून पाहणाऱ्याला ही बंधने वाटतात. परंतु त्या स्वयंपाकाला जी सूक्ष्मता आली, कोशिंबिरीत भिजवलेली मूगडाळ किती हवी आणि रसमात मिरी कोणत्या क्षणी पडावी याचे जे ज्ञान आले, ते याच व्रतांनी दिले असे मी मानतो. मुबलकतेत हात सैल सुटतो. नेमात तो शहाणा होतो. आपल्याकडेही श्रावणात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांतली गृहिणी नुसत्या जिऱ्या-हिंगावर आमटीला जी गोडी आणते, तिचे रहस्य वेगळे नाही.

हा नेम मुंबईत कसा आला? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण कानडा जिल्ह्यातून, उडुपी-कार्कळच्या परिसरातून, पोरवयाची मुले पोटासाठी इकडे आली. कोणी भांडी घासली, कोणी पीठ वाटले, कोणी गल्ल्यावर बसण्याआधी वर्षानुवर्षे टेबले पुसली, आणि त्यांतली कितीतरी दिवसा हॉटेलात राबून रात्री कन्नड रात्रशाळांत शिकली. इकडे 1896 च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी मोकळी करण्यासाठी सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या, आणि माटुंग्यात सरकारी व खाजगी कचेऱ्यांत कारकुनी करणारी दाक्षिणात्य कुटुंबे स्थिरावली. त्यांनी देवळे उभारली, भजनी समाज काढले, 1932 मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीची शाळा सुरू केली. त्या वस्तीला धरून, किंग्ज सर्कल ते माटुंगा स्टेशन एवढ्या लहानशा परिसरात, 1936 मध्ये कॅफे म्हैसूर, 1937 मध्ये मणीज लंच होम, 1939 मध्ये रामाश्रय, 1940 मध्ये कॅफे मद्रास आणि 1942 मध्ये रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग अशी एकामागून एक चूल पेटली. सहा-सात वर्षांत एवढ्या चुली एका परिसरात पेटतात तेव्हा त्या व्यापारानेच पेटतात, हे खरे आहे, आणि त्यात उणे काही नाही. परंतु घर सोडून आलेल्या एकट्या माणसाला दोन वेळा केळीच्या पानावर, ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने, आपल्या गावच्या रीतीचे अन्न वाढायचे, हा व्यापारातलाही नेमच होता. बोर्डिंग या शब्दात तो अजून शिल्लक आहे.

आता खुद्द पिठापाशी येऊ, कारण नेमाची खरी परीक्षा तिथे होते. इडलीला उकडा तांदूळ आणि उडीद डाळ साधारण तीनास एक किंवा चारास एक या प्रमाणात वेगवेगळी भिजवतात, वेगवेगळी वाटतात, मग एकत्र करून रात्रभर ठेवतात. त्या अंधाऱ्या भांड्यात जे घडते ते मनुष्य करीत नाही. डाळीच्या अंगावरच असलेले सूक्ष्म जीव जागे होतात, त्यांच्या श्वासाने वायू तयार होतो, आंबटपणा येतो, आणि उडदातला चिकट अंश तो वायू धरून ठेवतो म्हणून पीठ फुगते. त्याला आठ-दहा तास लागतात. मुंबईच्या दमट उकाड्यात थोडे कमी, आणि आपल्या हसनाबादकडे मार्गशीर्षातल्या थंडीत कितीतरी अधिक. ज्याला घाई आहे तो सोडा घालतो, आणि सोड्याची इडली डोळ्यांना फुगलेली दिसते. तिला आंबटसर वास नसतो, हात लावला की ती भुसभुशीत सुटते आणि तोंडात गेल्यावर मागे काहीच उरत नाही. आपल्या बायका भाकरी थापताना म्हणतात ना, पिठाला विरी नाही, जुने पीठ आहे; थापता थापताच काठ फुटतात, आणि कितीही पाणी लावले तरी ती विरी परत येत नाही. तशीच ही गोष्ट आहे. ज्वारीच्या ताज्या दळणाची ज्याच्या हाताला ओळख आहे, त्याने आयुष्यात कधी इडली केली नसली तरी नेमाने आंबलेल्या पिठाची इडली त्याला पहिल्या घासात ओळखू येते. एका अन्नाचा नेम जाणणाऱ्याला दुसऱ्या अन्नाचा नेम परका राहत नाही. आणि ज्याने आपल्या घरच्या अन्नाचाच नेम सोडला, तो माटुंग्यात जाऊन अस्सल काय ते कशाच्या बळावर ओळखणार?

कोणी म्हणेल, मग नेम म्हणजे जे जुने ते तसेच ठेवणे. तसे नाही, आणि हे इडलीच सांगते. 920 च्या सुमारास शिवकोट्याचार्यांच्या ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात इड्डलिगे येते. 1130 च्या आसपास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात इड्डरिका येते, आणि दोशाचा पूर्वजही तिथे भेटतो. हे कल्याण म्हणजे बिदरकडचे बसवकल्याण, आणि त्या राजांची सत्ता आपल्या मराठवाड्यावर होती. तेव्हा इडलीला परदेशीण समजण्याचे आपल्याला तसे कारण नाही. पण त्या जुन्या इडलीत तांदूळ नव्हता, ती उडदाचीच होती. तांदूळ नंतर आला, रात्रभर आंबवणे नंतर आले. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा बंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूम्सने रव्याची इडली रूढ केली, आणि आज ती परंपरेची म्हणूनच खाल्ली जाते. 1924 मध्ये मैय्या बंधूंनी सुरू केलेल्या याच घराण्याने आणीबाणीत, दर सक्तीने उतरवल्यावर, माल हलका करून चालू ठेवण्यापेक्षा उपाहारगृहाचे दार मिटणे पत्करले आणि मसाले व तयार पिठे विकायला घेतली. पदार्थ बदलला, धंद्याचे रूपही बदलले, आणि नेम जिथल्या तिथे राहिला. त्यामुळे चीज घातलेला दोसा पाहून ज्यांचा जीव खालीवर होतो त्यांना माझे सांगणे एवढेच, की दोशात काय घातले याआधी दोशाचे पीठ कसे झाले ते पाहावे. वरचे सारण काळाचे असते; नेम पिठात असतो.

दक्षिणेच्या या पानाशी आपल्या जालना जिल्ह्याचा धागा आणखी एका वाटेने जुळतो. समर्थ रामदासांचा जन्म 1608 मध्ये जांबेला, आजच्या घनसावंगी तालुक्यात, झाला. आणि शिवरायांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी 1675 च्या सुमारास तंजावरला राज्य बसवल्यावर समर्थसंप्रदायाचे मठ तिकडे उभे राहिले. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथ नवहस्त नावाचे पंडित होते, समर्थांचे स्नेही. त्यांनी ‘भोजनकुतूहल’ हा अन्नावरचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कोणते अन्न कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रकृतीला, कोणत्या भांड्यात, असा तो विचार आहे. सांबार तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मले अशी आख्यायिका आपण आवडीने सांगतो. ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. तिच्यापेक्षा मला तंजावरच्या छत्रांची गोष्ट मोलाची वाटते. रामेश्वराच्या वाटेवर मराठी राजांनी अन्नछत्रे बांधली होती, आणि 1801 मध्ये कंपनी सरकार त्यांच्या खर्चाकडे बोट दाखवू लागले तेव्हा सरफोजीराजांनी रेसिडेंटला लिहून कळवले, की ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, कोणत्याही जातीच्या वाटसरूला इथे अन्न मिळते आणि ते थांबता कामा नये. नेम कोणासाठी, या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

हा प्रश्न टाळून नेमाचे निरूपण करता येणार नाही. नेमाच्या नावाने पंक्तिभेदही पाळला गेला. दक्षिणेतल्या जुन्या उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी वेगळी जागा असे. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधल्या एका कॅफेच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ शब्द काढावा म्हणून 1957 मध्ये पेरियार यांच्या अनुयायांना महिनोन्‌महिने सत्याग्रह करावा लागला. खुद्द उडुपीत धनगर कुळातल्या कनकदासांना आत प्रवेश नव्हता, आणि देवानेच भिंतीकडे वळून त्यांना दर्शन दिले अशी श्रद्धा आहे. त्या भिंतीतली खिडकी आजही कनकन किंडी म्हणून दाखवतात. आपल्याकडे, जालन्याला लागूनच असलेल्या मेहुणाराजाचे चोखोबा पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे होते. साधकहो, विटाळ हा नेम नव्हे. नेम मनुष्य स्वतःवर घालून घेतो; विटाळ तो दुसऱ्यावर लादतो. आणि मला महानगराचे मोठे उपकार वाटतात ते इथे. माटुंग्याच्या गर्दीत एका टेबलाशी चार अनोळखी माणसे बसतात, शेजारचा कोण हे कोणी विचारीत नाही, एकाच पातेल्यातले सांबार चौघांच्या वाटीत पडते. स्वच्छता राहिली, वेळ राहिली, वर्ज्य ते वर्ज्य राहिले, आणि भेद दाराबाहेर पडला. मठातून निघालेला नेम हॉटेलात येऊन अधिक शुद्ध झाला, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आणि जेवणाऱ्याचाही नेम असतो, हे विसरू नये. रविवारी सकाळी माटुंग्याच्या या जुन्या उपाहारगृहांपुढे फूटपाथवर माणसे नाव देऊन उभी असतात. आत बसलेला जाणता माणूस पानात हवे तेवढेच घेतो, टाकीत नाही, आणि कॉफी संपली की उगीच बसून राहत नाही. गावाकडे सप्ताहाच्या पंगतीत दुसरी पंगत उभी आहे हे दिसताच आपण उठतो, तेच हे.

अलीकडे आपल्याकडचे माळकरी तरुण शिक्षणाला, नोकरीला मुंबईत राहतात आणि विचारतात, एकादशी तर केली, पण द्वादशीचे पारणे इडलीने सोडले तर चालते का? प्रश्न लहान वाटतो, पण तो दोन परंपरांच्या बरोबर सांध्यावर उभा आहे. माध्वांची एकादशी कडक, पाण्याचाही थेंब न घेण्याची, आणि त्यांचे पारणे द्वादशीला पहाटेच. आपलीही द्वादशी न चुकवण्याची. जिथे निरामिषच शिजते आणि पीठ कालच्या वाटणाचे, रात्री आंबलेले आहे, तिथली वाफाळती इडली पारण्याला घ्यायला वारकऱ्याला अडचण नाही असे माझे मत आहे. एवढे मात्र त्याने ध्यानात ठेवावे, की कार्तिकी एकादशीकडे जाणाऱ्या शेवटच्या महिन्यात व्रतस्थ माध्व स्वतः उडीद खात नाही, म्हणजे ज्या गावाच्या नावाची पाटी वाचून आपण निश्चिंत मनाने आत शिरलो, त्या गावचा नेमस्त माणूस त्या दिवसांत इडलीला हात लावीत नाही. तो त्याचा नेम. आपला नेम द्वादशी सरायच्या आत पारणे सोडण्याचा; आणि माटुंग्यातली जुनी दारे सकाळी लवकर उघडतात.